मुलाचा बँड बारमध्ये वाजणार आहे, आईने जावे का?

जालन्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

«माझा मुलगा बावीस वर्षांचा असून संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो मित्रांच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. पुढच्या महिन्यात एका शनिवारी तिथल्या एका छोट्या बारमध्ये तीन स्थानिक बँडचा कार्यक्रम आहे आणि त्यात दुसरा क्रमांक यांचा आहे. 'आई, तू ये' असे त्याने दोन वेळा सांगितले. आमचे हे म्हणतात, 'भजनी मंडळातली बाई परमिट रूममध्ये बसलेली लोकांनी पाहिली तर काय म्हणतील?' मला स्वतःला त्या संगीतातले काही कळत नाही आणि मोठ्या आवाजाने डोके धरते. मी गेले तर मुलाची मित्रांमध्ये पंचाईत होईल का? गेलेच तर कुठे बसावे, काय करावे? मंडळातल्या दोघी जणी 'आम्हीही येतो' म्हणून मागे लागल्या आहेत, त्यांचे काय करू?»

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे. बावीस वर्षांचा मुलगा आईला एखाद्या ठिकाणी दोन वेळा बोलावतो, तेव्हा पंचाईत होईल की नाही याचा विचार त्याने तुमच्या आधी करून ठेवलेला असतो. या वयाची मुले जिथे आई नको असते तिथला पत्तासुद्धा घरी कळू देत नाहीत. त्यामुळे जावे का, हा प्रश्न मी मिटला असे धरतो आणि कसे जावे याविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातील खरी अडचण तिथे आहे. तुम्ही मुलाला पाहायला जाण्याची तयारी करीत आहात. माझे म्हणणे असे की, तुम्ही त्या रात्री तीन बँड ऐकायला जावे आणि त्यांपैकी एकात तुमचा मुलगा असावा. हा फरक ऐकायला किरकोळ वाटला तरी कुठे उभे राहायचे, किती वेळ थांबायचे, नंतर मुलाशी काय बोलायचे हे सगळे त्यावरून ठरते.

आधी बारविषयी, कारण यजमानांचा आक्षेप तोच आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बँडवाल्यांनी बार निवडला तो पिण्याच्या हौसेने निवडला, अशी समजूत आपल्याकडे सहज होते. वस्तुस्थिती अशी की, स्वतः रचलेली गाणी वाजवणाऱ्या नव्या बँडला मराठवाड्यात उभे राहायला जागाच फार थोड्या आहेत. संत एकनाथ रंगमंदिर किंवा तापडिया नाट्यमंदिर ही नाटकांसाठी बांधलेली मोठी सभागृहे आहेत. पन्नास-साठ श्रोते जमवू शकणाऱ्या मुलांनी त्यांचे भाडे, ध्वनियंत्रणा आणि प्रकाशयोजना यांचा खर्च कुठून काढावा? लग्नाच्या वरातीत आणि गणेश मंडळाच्या मंचावर लोकांना माहीत असलेली सिनेमाची गाणी हवी असतात, आणि ती मागण्यात लोकांची काही चूकही नाही. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव वर्षातून एकदा येतो, तिथेही वेळ मोजून मिळतो आणि पदवी हातात पडली की ते दार बंद होते. उरतो तो बारचा मालक. त्याच्याकडे खोली असते, वीज असते, एक कोपरा मोकळा करता येतो आणि शनिवारी चार टेबले जास्त भरावीत ही त्याची गरज असते. या गरजेच्या बदल्यात तो मुलांना दोन तास देतो. व्यवहार इतका सरळ आहे.

मोठ्या शहरांतही रॉक संगीत याच वाटेने वाढले. मुंबईत १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह त्याचे घर झाले; पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली थांबल्या. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली उघडलेला ब्लू फ्रॉग हा क्लब अनेक बँडचा आधार झाला आणि २०१६ साली तोही बंद पडला. पुण्यात २०१० पासून एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव भरू लागला, तेव्हा तिथे हजारोंच्या गर्दीपुढे वाजवणाऱ्या कित्येक बँडनी आधीची वर्षे अशाच लहान खोल्यांत काढलेली होती. मोठी ठिकाणे येतात आणि जातात. संभाजीनगरच्या मुलांना तर घराजवळ मोठे ठिकाण कधी मिळालेच नाही, म्हणून तुमच्या मुलासाठी तो बार ही पायरी आहे असे मी म्हणत नाही. आज तरी तेच त्याचे सभागृह आहे.

आता यजमानांशी काय बोलायचे ते. त्यांच्यापासून लपवून जाऊ नका आणि वादही घालू नका. लोकांनी पाहिले तर काय म्हणतील, या प्रश्नाचे उत्तर 'लोक काहीही म्हणोत' असे देणे शहरात सोपे असते. जालन्यात, जिथे किराणा दुकानदारापासून मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सर्व जण तुम्हाला ओळखतात, तिथे ते उत्तर टिकत नाही. त्याऐवजी त्यांना सांगा की, मुलाचा कार्यक्रम आहे, तो अमुक ठिकाणी आहे, मी जाणार आहे आणि तुम्हीही चला. कोणी विचारलेच तर हेच वाक्य तुम्ही दोघांनीही न अडखळता म्हणावे. जी गोष्ट आपण स्वतःहून सांगतो तिची कुजबूज फार दिवस चालत नाही. कायद्याची शंका त्यांच्या मनात असेल तर तीही दूर करा: महाराष्ट्रात परवाना लागतो तो मद्य घेण्यासाठी, आणि वयाची अट बिअर व वाईनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. लिंबू सोडा घेऊन गाणे ऐकणाऱ्या बाईला कोणताही परवाना लागत नाही. मुलगा स्वतः काय घेतो, हा प्रश्न तुमच्या मनात डोकावणार हे मला माहीत आहे. तो घरी, दुसऱ्या दिवशी, शांतपणे विचारण्याचा प्रश्न आहे. त्या रात्री त्याच्या ग्लासाकडे पाहत बसलात तर तुमचे त्याच्या बोटांकडे लक्ष जाणार नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून टाळा. आपल्याकडच्या बहुतेक परमिट रूममध्ये कुटुंबांसाठी वेगळी खोली किंवा पडद्याआडची जागा असते, आणि तीन साडीतल्या बायका दारात दिसल्या की वेटर आदराने तिकडेच नेतो. त्या फॅमिली सेक्शनमध्ये बसलात तर भिंतीपलीकडचा धडधडाट तेवढा ऐकू येईल, गाणे ऐकू येणार नाही. 'आम्ही बँड ऐकायला आलो आहोत, मंचासमोरचे टेबल द्या' असे स्पष्ट सांगा. मुलाला आधीच सांगून टेबल राखून ठेवले तर दारात बोलण्याचीही वेळ येणार नाही.

प्रवेशशुल्क असेल तर ते भरा. मुलगा म्हणेल, 'आई, तुझे नाव यादीत टाकतो.' नको म्हणावे. अशा कार्यक्रमांत दारावर जमा होणारे पैसे बहुधा बँडमध्ये वाटले जातात, आणि तीन बँडमधल्या प्रत्येकाने आपापल्या घरच्यांना फुकट आत घेतले तर वाटायला काही उरत नाही. आत गेल्यावर काहीतरी मागवा आणि मधूनमधून मागवत राहा. मसाला पापड, व्हेज क्रिस्पी, सोडा, जे रुचेल ते. एका पाण्याच्या बाटलीवर तीन तास टेबल अडवून ठेवणे मालकाच्या लक्षात राहते, कारण पुढच्या महिन्यात या मुलांना पुन्हा बोलवायचे की त्याऐवजी मोठ्या पडद्यावर क्रिकेटचा सामना दाखवायचा, हे तो टाळ्या मोजून ठरवत नाही, गल्ला मोजून ठरवतो. मला ही गोष्ट खटकते, पण खोली त्याची आहे आणि तिचे भाडे तोच भरतो.

तुमचे डोके धरते, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा भाग नीट समजला तर अर्धी भीती जाईल. लहान खोलीत रॉक इतके मोठ्याने का वाजवतात? बहुतांशी ड्रममुळे. ड्रमला आवाज कमी करण्याचे बटन नसते. काठीने जोरात वाजवलेला ड्रमचा संच कोणत्याही यंत्राविना जवळच्या अंतरावर शंभर डेसिबलच्या आसपास सहज पोहोचतो. त्याच्या बरोबरीने ऐकू यायचे तर गिटारचा अँप्लिफायर वाढवावा लागतो, गिटारमुळे खालच्या सुरांचा बेस वाढतो, आणि या सगळ्यांच्या वर गायकाचा आवाज न्यायचा म्हणून स्पीकर वाढवले जातात. कोणी उद्धटपणाने आवाज वाढवत नाही. खोली लहान आहे आणि ड्रम मोठा आहे.

कानांच्या सुरक्षिततेचा सर्वसाधारण हिशेब असा मांडतात: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी जे निकष सुचवले, त्यांत पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा घातली आहे आणि श्रोत्यांना कानातले बोळे उपलब्ध करून द्यावेत असेही म्हटले आहे. आपल्या बारमध्ये ते कोणी देणार नाही, म्हणून फोमचे इअरप्लग स्वतः न्या. ते मोठ्या मेडिकलवर किंवा ऑनलाइन अगदी थोड्या पैशांत मिळतात. बोटांनी दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि किंचित मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसेच धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग होत नाही. कापसाचा बोळा फारसा कामाचा नाही. आणखी एक सांगतो, मुलाकडे असे प्लग आहेत का ते विचारा. तो आठवड्यातून तीन-चार दिवस बंद खोलीत ड्रमच्या शेजारी उभा राहून तालीम करीत असेल तर त्याला त्यांची गरज तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि आईच्या सगळ्या सूचनांमधली ही एक सूचना तो कदाचित ऐकेल.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. गिटारच्या अँप्लिफायरमधला टोकदार आवाज सरळ रेषेत पुढे येतो, त्यामुळे त्याच्या अगदी समोर बसलेल्याच्या कानात तो खुपतो आणि चार हात बाजूला बसलेल्याला तोच सुसह्य वाटतो. अशा ठिकाणी बहुधा गायकाचा आवाज तेवढा स्टँडवरच्या दोन स्पीकरमधून येतो आणि वाद्यांचा आवाज थेट त्यांच्या जागेवरून येतो, म्हणून शब्द ऐकायचे असतील तर त्या स्पीकरचे तोंड जिकडे आहे तिकडे, पण त्यापासून लांब बसावे. ध्वनिनियंत्रणाचे टेबल, ज्याला मुले कन्सोल म्हणतात, ते खोलीत असेल तर त्याच्या शेजारची जागा सर्वांत चांगली, कारण तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानांना बरे वाटेल अशा बेताने आवाज जुळवत असतो.

बेसची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती तुमच्या मुलाची गोष्ट असल्यामुळे नीट वाचा. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. हवेत या स्वराची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते, म्हणजे कदाचित त्या खोलीच्या रुंदीपेक्षाही लांब. अशा लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात, त्यामुळे खोलीत काही ठिकाणी बेस छातीत घुमतो आणि काही ठिकाणी जवळपास नाहीसा होतो. कोपऱ्यात आणि भिंतीलगत तो फुगतो. 'बाकी सगळ्यांचे ऐकू येते, आमच्याच पोराचे ऐकू येत नाही' असे वाटले तर वाईट वाटून घेऊ नका आणि कन्सोलवरच्या माणसाकडे तक्रार घेऊन तर मुळीच जाऊ नका. उठून चार पावले सरका, आवाज सापडेल.

मध्येच कर्कश शिट्टी आली तर दचकू नका. माइकला स्वतःच्याच स्पीकरचा आवाज ऐकू आला की तो पुन्हा स्पीकरकडे जातो, पुन्हा माइकमध्ये येतो आणि क्षणात वाढत जातो. कीर्तनातही तुम्ही ती ऐकली असेल. तसेच दोन बँडच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटे तारा काढणे, तारा लावणे, 'चेक, चेक' म्हणणे चालते. तो वेळ कंटाळवाणा असतो आणि त्यावर उपाय नाही, मसाला पापड तेव्हाच मागवावा.

आता कळत नाही, या तुमच्या तक्रारीकडे येतो. मला ती फारशी पटलेली नाही. भजनी मंडळात बसणाऱ्या बाईचा कान लयीला पक्का असतो आणि रॉकमध्ये शिरण्याचे दार लय हेच आहे. तुमचा भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि रॉकमधली बहुतेक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात चालतात, म्हणजे त्यांची दोन आवर्तने तुमच्या एका ठेक्याएवढी झाली. फरक जोर कुठे पडतो यात आहे. तुमचा हात समेवर, पहिल्या मात्रेवर पडण्याची वाट पाहतो. इथे पायाने वाजणारा मोठा ड्रम बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर येतो आणि स्नेअर नावाचा करकरीत ड्रम दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तडाखा देतो. टाळी त्या तडाख्याबरोबर वाजवून पाहा. पहिल्या गाण्यात हात चुकेल, दुसऱ्या गाण्यात बसेल. मंडळात पखवाजाचा धुमा आणि टाळ एकमेकांना सोडून गेले की तुम्हाला जशी चटकन जाणीव होते, तशीच जाणीव इथे बेस आणि मोठा ड्रम यांच्याबाबत ठेवा: ते दोघे एकाच क्षणी पडत असतील तर तुमचा मुलगा आपले काम चोख करीत आहे. बेस वाजवणाऱ्याकडे प्रेक्षक बहुधा पाहत नाहीत. तो नसला तर मात्र सगळ्यांना खोली रिकामी वाटते.

गिटारचा खरखरीत आवाज हा बिघाड समजू नका. तो मुद्दाम आणलेला असतो. विद्युत लहर यंत्राच्या क्षमतेपलीकडे ढकलली की तिची टोके कापली जातात, तिच्यात नवे स्वरांश तयार होतात आणि तार दाट, लांबत जाणारी वाजू लागते. पायाजवळच्या छोट्या पेट्या, ज्यांना पेडल म्हणतात, हेच काम करतात. त्याचप्रमाणे तीनपैकी एखादा बँड मेटल हा रॉकचा जास्त कडक प्रकार वाजवणारा असेल आणि त्याचा गायक ओरडत किंवा गुरगुरत असेल, तर तो कोणावर रागावलेला नाही. ती घशाला इजा न होऊ देता आवाज काढण्याची शिकलेली पद्धत असते, आणि चांगला गायक तासभर तसे गाऊन नंतर तुमच्याशी अगदी मृदू आवाजात बोलतो. तुम्हाला ते आवडलेच पाहिजे असे नाही. नावडले तरी चेहरा आक्रसून बसू नका, कारण लहान खोलीत मंचावरून प्रत्येक चेहरा दिसतो.

शब्द कळावेत म्हणून एक सोपा उपाय आहे. मुलाकडून त्यांच्या गाण्यांचे बोल आधीच मागवून घ्या, मग ती गाणी मराठी असोत, हिंदी असोत वा इंग्रजी. ड्रमच्या झांजांचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरत असल्यामुळे लहान बारमध्ये निम्मे शब्द हरवतातच, आणि ज्याने बोल वाचलेले आहेत त्यालाच ते ऐकू येतात. बोल वाचून काही खटकले, एखादी शिवी दिसली, तरी कार्यक्रमाच्या आधी त्यावर बोलू नका.

आता मुलाची आई म्हणून पाळायची पथ्ये. वाजवण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात त्याच्याजवळ जाऊ नका. तेव्हा तार जुळवणे, गाण्यांचा क्रम पाहणे आणि घाबरणे ही तिन्ही कामे त्याला एकाच वेळी करायची असतात. हात वर करून एकदा दिसा, म्हणजे तुम्ही आल्याचे त्याला कळेल. एखादे गाणे मोबाइलवर घ्या, सगळा कार्यक्रम घेऊ नका, आणि फ्लॅश कटाक्षाने बंद ठेवा. शेजारच्या टेबलावरून कोणी 'हिंदी लावा की!' अशी फर्माईश करील. आपल्याकडे ऑर्केस्ट्राची सवय जुनी असल्यामुळे ती येतेच, आणि त्यावर मुलाच्या बाजूने भांडायला उठू नका. तुम्ही त्यांच्या स्वतःच्या गाण्यानंतर टाळ्या वाजवा, तेवढे पुरे. समोर तरुण मुले उड्या मारू लागली, डोकी हलवत एकमेकांना धक्के देऊ लागली, तर त्यांच्या कडेने दूर व्हा; त्यात भांडण नसते, पण कोपर लागू शकते.

यापुढचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलाचे वाजवून झाले की उठू नका. लहान शहरातल्या अशा कार्यक्रमांचे दुखणे हेच आहे: पहिला बँड वाजवतो तेव्हा दुसऱ्याचे लोक अजून आलेले नसतात, दुसऱ्याचे झाले की त्याचे मित्र आणि नातेवाईक त्याच्याभोवती जिन्यात गोळा होतात, आणि तिसरा बँड, जो कदाचित परभणीहून किंवा लातूरहून सामान घेऊन आलेला असतो, तो रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवतो. प्रत्येक जण आपापला मुलगा पाहून गेला तर शहरात बँड असतात, श्रोते नसतात, आणि श्रोत्यांवाचून तुमच्या मुलाचा बँडही दोन वर्षांपलीकडे टिकणे कठीण आहे. म्हणून पहिल्या बँडच्या आधी पोहोचा आणि तिसऱ्याचे शेवटचे गाणे होईपर्यंत बसा. आठचा कार्यक्रम नऊला सुरू होण्याची शक्यता धरून चाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. बंदिस्त जागेला त्यात सवलत असली तरी बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या मर्यादा लागू राहतात आणि शेजारच्यांनी तक्रार केली की पोलीस येतात, त्यामुळे उशिरा सुरू झालेल्या कार्यक्रमात कात्री बहुधा तिसऱ्या बँडवर चालते. त्यांना दोनच गाणी मिळाली तर ती दोन लक्ष देऊन ऐका.

नंतर मुलगा घामाघूम होऊन तुमच्याकडे येईल आणि 'कसे झाले?' असे विचारील. 'छान झाले' हे उत्तर त्याला पुरणार नाही, कारण ते न ऐकताही देता येते. एक नेमकी गोष्ट सांगा: अमुक गाण्यात सगळे थांबले आणि तू एकटा वाजवत राहिलास ते आवडले, किंवा अमुक ठिकाणी लय थोडी पळाली असे वाटले, ते खरे का? लय पळाल्याचे तुमच्या लक्षात आले याचा त्याला आनंदच होईल, यावर विश्वास ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या बँडविषयीही एकेक वाक्य बोला, शक्य झाले तर त्या मुलांशी थेट बोला. त्यांची आई आलेली नसण्याची शक्यता बरीच आहे. नोकरी, कॅम्पस मुलाखती, उरलेले विषय यांचे नाव त्या रात्री काढू नका. तुमच्या पत्रात हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो ओळींच्या मध्ये दिसतो. त्याला वेगळे पत्र लिहा, मी उत्तर देईन.

परतीची सोय आधी करा. संभाजीनगर ते जालना हे साठेक किलोमीटरचे अंतर रात्री अकराला, बस मिळेल या भरवशावर सोडू नये. नातेवाइकांकडे मुक्काम करा किंवा जाता-येता एकच गाडी ठरवा. यजमान आले आणि त्यांनी गाडी चालवायची असेल, तर त्यांच्या ग्लासातही सोडाच असू द्या. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले तर पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कपड्यांची चिंता नको, नेहमीची साडी चालेल. पायात मात्र सपाट आणि बंद चप्पल किंवा बूट घाला, कारण जमिनीवर तारा पसरलेल्या असतात आणि काही सांडलेलेही असते.

राहिल्या मंडळातल्या दोघी. त्यांना जरूर न्या. तीन जणी असलात की यजमानांच्या आक्षेपाचा जोर कमी होतो, टेबल भरते, बिल वाढते आणि मालकालाही बरे वाटते. मात्र निघण्यापूर्वी त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. पहिली, इअरप्लगच्या तीन जोड्या तुम्ही आणाल आणि त्या 'आम्हाला नको' म्हणणार नाहीत. दुसरी, तिसरा बँड संपेपर्यंत कोणीही 'चला, उशीर झाला' म्हणणार नाही, मग तो बँड कितीही ओरडणारा असो. ज्या बाईला हे कबूल नसेल तिला कार्यक्रमाचा व्हिडिओ नंतर दाखवा.